एकशे अठरा टोप्या आणि छत्तीस सेकंद

लग्नाच्या व्हिडिओचं जे काम मी केलं त्याला नाशकात कोणी एडिटिंग म्हणत नसे. त्याला मिक्सिंग म्हणत. कॅमेऱ्यात येतं ते शूटिंग आणि नंतर दुकानात बसून करायचं ते मिक्सिंग. गिऱ्हाईक ऑर्डर देताना विचारायचं, "मिक्सिंगमध्ये काय काय टाकणार?" मी वीस वर्षं हा धंदा केला. त्या वीस वर्षांत "काय काय काढणार?" असं एकाही माणसाने विचारलं नाही. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक या फरकातून झाली, आणि ती मी रीतसर शिकून केली.

पंचवटीत माझं दुकान होतं. सुरुवातीला दोन व्हीसीआर आणि त्यांच्या मध्ये एक मिक्सर, एवढ्यावर काम चालायचं. मग कॉम्प्युटर आला. टेपवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवायला एक कार्ड लागतं, ते मी आणलं. त्या कार्डाच्या खोक्यात एक सॉफ्टवेअर फुकट मिळालं. ते शिकाऊ लोकांसाठी होतं, तसं खोक्यावर छापलेलंही होतं, पण त्यावरून आमच्या धंद्यातल्या कोणाचा अपमान झाल्याचं मला आठवत नाही.

त्यात एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जायचे तीनशे बारा प्रकार होते. मी मोजले. पुस्तकाचं पान उलटावं तसं, फरशी फुटावी तसं, पंखा फिरावा तसं, बदामाच्या आकारातून, चांदणीच्या आकारातून. यांना आम्ही इफेक्ट म्हणायचो. मी वही करून प्रत्येकाला नंबर दिला आणि एक नियम केला, की एका लग्नात कोणताही इफेक्ट दुसऱ्यांदा येणार नाही. एका लग्नाला सरासरी एकशे चाळीस इफेक्ट लागत, म्हणजे नियम पाळायला अडचण नव्हती. बाजूच्या दुकानदारांनी असा काही नियम केलेला नव्हता. त्यांच्या लग्नात बदाम अकरा-अकरा वेळा यायचा. मला ते हलगर्जीपणाचं वाटायचं.

नियमाचा तोटा असा, की लग्न फार लांबलं आणि नंबर संपत आले की उरलेल्यातला जो असेल तो घ्यावा लागे. एका लग्नात वरमाईंच्या वाट्याला दोनशे सत्तावन्न नंबर आला. यात चित्र कडेने कागदासारखं पेट घेतं, काळं पडत आत जातं आणि राखेतून पुढचं दृश्य वर येतं. पुढचं दृश्य पंगतीचं होतं. वरमाई सीडी घेऊन स्वतः दुकानात आल्या. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "जगताप, तुम्ही मला जिवंतपणी अग्नी दिलात, आणि लगेच माणसं जेवायला बसवलीत." मी तो नंबर वहीत लाल पेनाने खोडला. तेव्हापासून तीनशे अकरा.

शिकाऊ सॉफ्टवेअर सोडायचं कारण मात्र लग्न नव्हतं. अंबडच्या एका कारखान्याने कामगारांसाठी सुरक्षेच्या नियमांची अठरा मिनिटांची फिल्म सांगितली होती. मी ती माझ्या पद्धतीने, जीव ओतून केली. दाखवायला गेलो तेव्हा तिथले एक वयस्कर अधिकारी खुर्चीत पुढे सरकून बघत होते. हातमोज्यांची सूचना झाली आणि त्यापाठोपाठ पडद्यावर गुलाबी बदाम उघडला. बदामातून पॉवर प्रेस आली.

"जगताप," ते म्हणाले, "या प्रेसने आमच्या माणसाचं बोट नेलंय. तिला बदामातून का आणलंत?"

मी म्हणालो, "तो नंबर शिल्लक होता, साहेब."

त्यांनी फिल्म थांबवायला सांगितली. मग म्हणाले, "तुम्ही हे चांगलं सॉफ्टवेअर घेऊन का करत नाही?"

घेतलं. पाइरेटेड सीडी स्टेशनजवळ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायची, पण मला ते पटत नव्हतं, म्हणून पावती करून, लायसनसह घेतलं. काय किमतीला, ते लिहीत नाही. आकड्यांचा माणूस असूनही लिहीत नाही, कारण हे छापलेला अंक आमच्या घरी येणार आहे.

मोठं खोकं घरी आणलं तेव्हा माझ्या बायकोने, शोभाने, साहजिक प्रश्न विचारला. "आधीच्यात तीनशे अकरा होते. यात किती?"

"शंभरेक असतील," मी म्हणालो. "पण कामाचे दोन."

"म्हणजे मोठ्या दुकानात गेलात आणि मोकळी पिशवी घेऊन आलात."

कामाचे दोन कोणते, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पहिला कट. म्हणजे एक दृश्य संपलं, दुसरं सुरू झालं, मध्ये काही नाही. दुसरा, एक चित्र हळूहळू विरत दुसऱ्यात मिसळतं तो. जगातले मोठे लोक या दोहोंवर काम भागवतात, हे मला पुण्याला कळलं. सॉफ्टवेअर आलं पण ते सुरू कुठून करायचं तेच समजेना, म्हणून आठ दिवसांच्या वर्गाला गेलो. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'एडिटर म्हणजे काढणारा.' मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. हे वाक्य मला पुढे महागात पडलं.

सरावासाठी प्रत्येकाने आपलं काम आणायचं होतं. मी बागलाणातलं एक लग्न नेलं होतं. बाई बघायला बसल्या. टॉवेल-टोपी सुरू झाली. सहा-सात मिनिटं त्यांनी बघितलं.

"हे काय चाललंय?"

"सत्कार, मॅडम."

"किती जणांचा?"

"सगळ्यांचा."

"सगळ्यांचा असेल तर तो सत्कार कसा?"

आमच्याकडे खेड्यातल्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. माइकवर नाव पुकारतात, माणूस पुढे येतो, यजमान खांद्यावर टॉवेल टाकतो, डोक्यावर टोपी ठेवतो, हातात नारळ देतो, माणूस कॅमेऱ्याकडे बघतो, जातो. लगेच पुढचं नाव. टोपी पुष्कळदा लहान निघते आणि डोक्यावर ठेवल्यासारखी बसते, पण ती तशीच ठेवून मंडळी जेवून उठतात. बाई म्हणाल्या, "हे एवढं कोण बघतं?" आणि मला ते एकदम पटलं. इतकी वर्षं मी हे सगळं मिक्सिंग करताना झोप आवरत बसलो होतो.

परत आल्यावरचं पहिलं काम नामपूरचं. दशरथ आबा म्हणून कांद्याचे मोठे शेतकरी, त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात झालं होतं. वऱ्हाड मोठं, शूटिंगच्या चार टेपा. शूटिंग करताना टेपवर कितव्या मिनिटाला काय आहे हे मी वहीत टिपून ठेवतो. त्या टिपणाप्रमाणे टॉवेल-टोपी तिसऱ्या टेपवर, माणसं एकशे अठरा, वेळ एक्कावन्न मिनिटं. माणशी सरासरी सव्वीस सेकंद.

मी त्यातली बारा माणसं निवडली. प्रत्येकी तीन सेकंद. छत्तीस सेकंद, खाली हलकी सनई, एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा विरत जाणारा. खोटं कशाला बोलू, बघताना माझ्या अंगावर शहारे आले. निवड करताना मी एकच निकष लावला, तो म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावर उजेड नीट पडलाय तो. बाकी कोण कोणाचा कोण, हे मला माहीत नव्हतं आणि ते माझं काम आहे असं वाटलंही नाही. नंतर कळलं की माझ्या बारांतला एक जण जनरेटरवाला होता. माइकवर कोणाचं तरी नाव झालं, पुढे कोणी येईना, म्हणून जवळ उभा असलेल्या त्याच्याच डोक्यावर टोपी ठेवली गेली होती. उजेड मात्र त्याच्या चेहऱ्यावर सुंदर पडला होता. स्वतःच लावलेला.

सगळं लग्न साडेतीन तासांवरून बावन्न मिनिटांवर आलं. आबांकडे सीडी पोचली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "जगताप भाऊ, लय भारी शे. शिनेमासारखं."

गिऱ्हाइकाने पसंती दिली की टेप पुढच्या लग्नाला वापरायची, ही आमच्या धंद्यातली रीत. टेपा स्वस्त नव्हत्या. मी सगळ्यांप्रमाणे तेच करायचो. तिसरी टेप एका डोहाळजेवणाला गेली आणि काठोकाठ भरली. आबांनी फोन केला तेव्हा त्यांच्याकडे वीस मिनिटं बघून झाली होती आणि मग लोडशेडिंगमध्ये लाईट गेली होती, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. त्या सीडीत टॉवेल-टोपी चाळिसाव्या मिनिटाला होती.

पंधरवड्याने दुकानासमोर जीप थांबली. आबा एकटेच उतरले. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"भाऊ, मन्हा भाऊ कोठे शे?" माझा भाऊ कुठे आहे?

मी विचारलं, कोणता भाऊ?

"शिवराम नाना. थोरला. सीडीत नाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोघा भावांत एक विहीर. पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं, ते नऊ वर्षं. एका बांधावर दोघं, पण नऊ वर्षं एकमेकांच्या दारात कोणी गेलं नाही. पुतणीच्या लग्नाला मात्र नाना आले. मंडपात बसले, नाव पुकारल्यावर उठून पुढे आले, टोपी घेतली, जेवले. गावात दोन दिवस याचीच चर्चा होती. त्यानंतर दोघांत होय-नाही इतपत बोलणं सुरू झालं होतं. आणि मग नानांनी सीडी लावली. जनरेटरवाला दिसला, नाना दिसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळं बंद.

"त्यो म्हनतो, मले मुद्दाम काढं," आबा म्हणाले. "म्हनतो, दशरथनी नाशिकले जाईसन काढायले लावं. आता धाकटीचं लगीन दिवाळीनंतर. त्यो येनार नाय म्हनतो. नऊ वर्षांनी आलेला मानूस, भाऊ. तुमी त्याले छत्तीस शेकंदात घालवला."

छत्तीस हा आकडा त्यांनी मोजून आणला होता. मला त्याही स्थितीत त्यांच्याबद्दल आदर वाटला.

मी टेपांचं खरं ते सांगितलं. आबा खाली बसले. मग मला एक गोष्ट आठवली. शिकाऊ सॉफ्टवेअर अख्खी टेप उतरवून घ्यायचं. नवीन सॉफ्टवेअरला आपण सांगायचं, इथपासून इथपर्यंतच घे. आणि बाईंनी शिकवलं होतं, की प्रत्येक तुकड्याच्या पुढेमागे दोन-दोन सेकंद जास्तीचे घेऊन ठेवा. ते पडद्यावर दिसत नाहीत, पण कॉम्प्युटरमध्ये असतात. मी वही काढली; माइकवर पुकारलेली नावं मी त्यात ओळीने टिपली होती. नानांच्या अगोदरचं नाव सरपंचांचं होतं. सरपंच माझ्या बारांत होते.

एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. दोन सेकंदांची पन्नास. सरपंचांच्या तुकड्याची शेपटी मी उघडली. आबांना चहा सांगितला होता, ते टेबलाच्या पलीकडे कप घेऊन बसले होते, त्यांना पडदा दिसत नव्हता. पहिल्या एकोणीस चित्रांत कॅमेऱ्यासमोर रेंगाळलेल्या सरपंचांची पाठ. विसाव्या चित्रात शिवराम नाना, खांद्यावर टॉवेल आधीच पडलेला. म्हणजे एकतीस चित्रं नानांची. मला इतका आनंद झाला की मी ती एकेक करून पुढे सरकवायला लागलो.

नाना धाकट्या भावाकडे बघत होते. थेट तोंडाकडे. आबांचा हात टोपी घेऊन नानांच्या डोक्याकडे येत होता आणि आबांचं तोंड मात्र पूर्ण दुसरीकडे होतं. ते मंडपवाल्याशी काहीतरी बोलत होते. एकतिसाव्या चित्रात टोपी नानांच्या डोक्यावर टेकली, आबांची मान तशीच, आणि तिथे तुकडा संपला.

हा पुरावा दाखवण्यापेक्षा नसलेला बरा होता. मी पडदा बंद केला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"लाईट गेली," मी म्हणालो.

आबांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी वर पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि उरलेला चहा प्यायले. व्यवहारात मी सहसा खोटं बोलत नाही, त्यामुळे मला ते चांगलं येतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन मी नामपूरला गेलो. कॅमेरा का घेतला ते मला सांगता येणार नाही. लग्नाच्या गावाला जाताना तो खांद्यावर असायचाच. आबा मला बांधापर्यंत घेऊन आले आणि तिथे थांबले. नानांच्या ओट्यावर मी एकटाच गेलो. नाना उंच, हाडकुळे, कांदा साठवायच्या चाळीसमोर खाट टाकून बसले होते.

मी म्हणालो, "नाना, तुम्हाला मी काढलं. आबांना काही माहीत नव्हतं."

"तुले कोनी सांगं काढायले?"

"पुण्याच्या एका बाईंनी शिकवलं होतं. जे लांबतं ते काढायचं."

"ती बाई आमच्या भावकीतली का?"

"नाही."

"मंग तिले काय ठाऊक काय लांबतं ते."

मी मान खाली घातली. चाळीच्या मागून कोणीतरी डोकावून गेलं. मग नानांनी माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"हाई चालतं का?"

"चालतं."

"मंग परत काढ."

आता धंद्याच्या दृष्टीने हे अशक्य होतं. लग्न वैशाखातलं, आम्ही आषाढात. मंडप नाही, नवरी सासरी, मागची टेकडी हिरवी झालेली. पण मी नाही म्हणायच्या स्थितीत नव्हतो. टेकडी झाकायला दोन गुलाबी चादरी दोरीवर बांधल्या. आबांना बोलावणं गेलं. ते लग्नातला सदरा घालून आले. घरातून टॉवेल, टोपी, नारळ आला. हे सगळं जमेपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात गावाला बातमी लागली की सीडीतून राहिलेल्यांचं परत काढतात.

माणसं यायला लागली. लग्नातले कपडे घालून, काहींच्या डोक्यावर त्याच टोप्या. मी एकदा मोजलं तेव्हा त्रेसष्ट होती. सरपंचही आले. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही सीडीत आहात."

"तीन सेकंद," सरपंच म्हणाले, आणि रांगेत उभे राहिले.

नाना पहिले. चादरीसमोर येऊन उभे राहिले. आबांनी टॉवेल टाकला. टोपी हातात घेतली. मी दोघांना चौकटीत धरलं होतं. सवयीने वाटलं, की आता सव्वीस सेकंद. आबांचा हात वर गेला आणि नजर, तशीच जुन्या सवयीने, बाजूला रांगेकडे गेली. कोण आलंय, कोण राहिलंय, नारळ पुरतील का. यजमानाची नजर असतेच तशी.

नानांनी आबांचं मनगट धरलं. टोपी अर्ध्यात थांबली.

"आते तरी आठे देख," नाना म्हणाले. आता तरी इकडे बघ.

रांग एक पाऊल पुढे सरकली.

नाना पुढे बोलले ते हळू बोलले, पण मी कॅमेऱ्यामागे दोन हातांवर होतो. त्या दिवशी तू मंडपवाल्याशी बोलत होतास, ते म्हणाले. मला वाटलं, टोपी ठेवून झाल्यावर तरी बघितलं असशील. मी पाठ फिरवली होती, मला दिसलं नाही. सीडीत दिसेल म्हणून सीडी लावली. बावन्न मिनिटं बसलो.

म्हणजे नाना स्वतःला शोधतच नव्हते. ते काय शोधत होते ते जगात फक्त माझ्या तिसऱ्या टेपवर असू शकत होतं, एकतीस चित्रांच्या पुढे, आणि तिथे आता डोहाळजेवण होतं. आबांनी त्या दिवशी नंतर मान वळवली होती का, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. या धंद्यातली बाकीची कुठलीही चूक मला एवढी बोचत नाही.

आबांनी बघितलं. त्यांनी टोपी ठेवली, ती तिरकी बसली, काढली, परत ठेवली, दोन्ही हातांनी दाबली. लहान होती, बसेना. नाना उभे राहिले. आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं त्यांनी नानांच्याच खांद्यावरच्या टॉवेलचं टोक घेऊन पुसलं, आणि नाना म्हणाले, "तो मन्हा शे." मागे कोणीतरी हसलं. दोघं मात्र हलले नाहीत. मी कॅमेरा हलवला नाही. घड्याळ बघितलं तेव्हा चार मिनिटं अकरा सेकंद झाली होती. ती सगळी नव्या सीडीत आहेत, मध्ये एकही कट नाही, आणि एवढ्या महागाच्या सॉफ्टवेअरने मी त्यांना काहीही केलेलं नाही.

शेवटी नाना बाजूला झाले. माझ्याजवळ आले आणि कॅमेऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढं ठेव. बाकीचं तुले काय काढायचं ते काढ."

रांगेतून सरपंचांचा आवाज आला, "बाकीचं म्हंजे कोन, नाना?"

मी कॅमेरा बंद न करता सरपंचांना पुढे या म्हणून हात केला.